जुनी गाणी वाजवणाऱ्या स्टेशनचा इतिहास कॅसेटींमधून कसा काढायचा? (पुणे विविध भारती)

श्रावणी_पुणे

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या दिवाळी अंकात पुण्याच्या विविध भारतीवर, म्हणजे आज १०१ एफएमला लागतं त्या स्टेशनवर, मोठा लेख द्यायचं ठरलंय. सभासदांकडून रेडिओवरून टेप केलेल्या कॅसेटी मागवल्या, तर दोन खोकी भरून आल्या. बऱ्याचशांवर नुसतं 'जुनी गाणी' किंवा 'रेडिओ – चांगले' एवढंच लिहिलंय. तारीख नाही, स्टेशन नाही. काहींत गाण्यांच्या मध्ये जाहिराती आणि निवेदनं आहेत, काहींत नाहीत.

मला हवंय ते असं: स्टेशनच्या इतिहासाचा खात्रीचा सांगाडा, ज्यावर बाकीचं रचता येईल. कॅसेट कुठल्या स्टेशनवरची आणि साधारण कुठल्या काळातली, हे ओळखायची पद्धत. आणि फिती खराब न होता संगणकावर कशा घ्यायच्या. एक जुना टू-इन-वन आहे, चालतो, पण आवाज दबका येतो. गाणी ओळखून वर्ष काढता येईल असं एकांनी सुचवलंय, ते कितपत बरोबर?

मध्यम_लहरी

श्रावणीताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरणार आहे. गाण्यावरून वर्ष काढू नका. जुनी गाणी वाजवणं हेच ज्या स्टेशनचं काम, तिथे १९५२ चं गाणं १९७० मध्येही लागतं, १९९५ मध्येही लागतं आणि आज सकाळीही लागलेलं असू शकतं. गाणं फक्त 'याच्या आधीचं रेकॉर्डिंग नाही' इतकंच सांगतं. गीतरामायणाचं उदाहरण घ्या. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून ते वर्षभर प्रसारित झालं, ५६ गाणी. पण कॉम्पॅक्ट कॅसेटच मुळी फिलिप्सने १९६३ मध्ये आणली. तेव्हा कॅसेटवर गीतरामायण सापडलं तर ते पुनःप्रसारण आहे, किंवा दुसऱ्या फितीवरून उतरवलेलं आहे. तिसरी शक्यता नाही.

स्टेशनचा इतिहास असतो तो दोन गाण्यांच्या मधल्या जागेत. निवेदकाचं वाक्य, जाहिरात, वेळ सांगणं, बातम्यांचं चुकून आलेलं शेपूट. म्हणून सभासदांना आत्ताच सांगून ठेवा: संगणकावर घेताना 'बडबड' कापून नुसती गाणी ठेवायची नाहीत. गाणी बाजारात मिळतात, निवेदनं कुठेच मिळत नाहीत.

आता सांगाडा. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. तेव्हा बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री होते (१९५२ ते १९६२) आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरचं चित्रपटसंगीत जवळजवळ आटलं. श्रोते लघुलहरींवर रेडिओ सिलोनकडे वळले. त्याला उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली. पुढची तारीख पुण्याच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची: १ नोव्हेंबर १९६७. त्या दिवसापासून मुंबई, पुणे आणि नागपूर इथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. देशात पहिल्या तुकडीत पुणे होतं, हे लेखात ठळक यायला हवं. शिवाय ही तारीख तुमच्या कामाचीही आहे. विविध भारतीच्या रेकॉर्डिंगमध्ये साबणाची किंवा साडीची जाहिरात असेल, तर ते १९६७ च्या नोव्हेंबरच्या आधीचं असूच शकत नाही.

२३ नोव्हेंबर १९७८ ला जगाच्या या भागातल्या मध्यम लहरींची मांडणी बदलली आणि स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांवर आली. पुणे केंद्राची फ्रिक्वेन्सी ७९२ किलोहर्ट्झ, म्हणजे ९ गुणिले ८८. निवेदनात किलोहर्ट्झचा आकडा ऐकू आला तर नऊने भागून बघा. भाग गेला नाही तर रेकॉर्डिंग बहुधा त्या तारखेआधीचं. मीटरमध्ये सांगत असतील तर ३,००,००० ला मीटरने भागा, किलोहर्ट्झ मिळतील. ७९२ म्हणजे ३७८.८ मीटर.

एफएमकडे वळताना घाई करू नका. भारतात एफएमची सुरुवात २३ जुलै १९७७ ला चेन्नईत झाली, पण प्रत्येक शहराचं वेळापत्रक निराळं. पुण्याची विविध भारती मध्यम लहरीवरून एफएमवर कधी आली, ट्रान्समीटर किती किलोवॅटचा होता, तो कधी बदलला, हे कागदावरूनच घ्या. त्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली, 'वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुक' या वार्षिकाचे जुने अंक. त्यात दरवर्षी भारतातल्या केंद्रांची फ्रिक्वेन्सी आणि शक्ती छापलेली असते. सलग दहा वर्षांचे अंक पुढे ठेवले की कुठल्या वर्षी पुण्याच्या नावापुढचा आकडा बदलला ते दिसतं. छापील वार्षिक असल्यामुळे बदल एक वर्ष उशिरा उमटतो, हे धरून चाला. दुसरी वाट माहिती अधिकाराची. आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात 'इतिहास द्या' असं मोघम लिहिलं तर मोघमच उत्तर येतं. मुद्दे तोडून विचारा: एफएम ट्रान्समीटर कार्यान्वित झाल्याची तारीख, त्याची शक्ती, त्याआधीची मध्यम लहरीची फ्रिक्वेन्सी आणि ती बंद झाल्याची तारीख, आणि अमुक वर्षाचा फिक्स्ड पॉइंट चार्ट उपलब्ध असल्यास त्याची प्रत. फिक्स्ड पॉइंट चार्ट म्हणजे कुठल्या मिनिटाला कुठला कार्यक्रम याचा तक्ता. तो हाती आला तर अर्ध्या कॅसेटी वेळेवरूनच ओळखता येतील.

१९५० च्या दशकासाठी आकाशवाणीचं 'इंडियन लिसनर' हे नियतकालिक बघा. त्याचे अंक स्कॅन झालेले आहेत आणि पुणे केंद्राचे सुरुवातीचे कार्यक्रम त्यात तारीखवार सापडतील.

खासगी स्टेशनांचा भाग लेखात थोडक्यात उरकला तरी चालेल. १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याचा लिलाव, पहिलं खासगी स्टेशन ३ जुलै २००१ ला बेंगळुरूत. पुण्यात ९८.३ पहिल्या टप्प्यातलं. ९१.१, ९३.५, ९४.३ आणि ९५ ही दुसऱ्या टप्प्यातली, ज्याचं धोरण २००५ चं. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, २०११ च्या धोरणाने फक्त आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावण्याची मुभा मिळाली. म्हणजे २०११ आधीच्या एफएमवरच्या कॅसेटमध्ये बातम्या असतील तर ती आकाशवाणीचीच आहे.

फीतवाला

मी फक्त फितींबद्दल लिहितो.

सगळ्यांत आधी प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे टॅब तोडून टाका. टू-इन-वनवर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर तो भाग कायमचा गेला. काम सुरू करायच्या आधी दोन्ही खोकी या एका कामासाठी पालथी घाला.

मग फीत डोळ्यांनी तपासा. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटाच्या तळाशी राहिलेल्या कॅसेटींना बुरशी येते. छोट्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरे डाग किंवा पावडर दिसते. अशी कॅसेट यंत्रात घालू नका. बुरशी हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) आणि रबरी चाकावर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते. ती वेगळ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर दोन-तीन आठवडे कोरडी होऊ द्या, मग नाकाला मास्क लावून, उघड्यावर, कोरड्या मऊ कापडाने कड पुसा. तिच्यासाठी टाकाऊ यंत्र वेगळं ठेवता आलं तर उत्तम.

आत, फितीच्या मागे, एक लहान लोकरी गादी असते. ती फीत हेडवर दाबून धरते. जुना गोंद सुकून गादी पडली की आवाज येतो-जातो, वरचे स्वर नाहीसे होतात, आणि लोक समजतात फीतच खराब झाली. पाच स्क्रूचं कवच असेल तर उघडून फीत दुसऱ्या चांगल्या कवचात हलवा. उघडताना कॅसेट आडवी ठेवा. रोलर आणि पातळ सरकपट्ट्या कशा बसल्या होत्या त्याचा फोटो आधी काढा. कवच चिकटवलेलं असेल तर पातळ पात्याने शिवणीतून उकलावं लागतं, ते घाईचं काम नाही. फीत तुटली असेल तर स्प्लायसिंग टेपच वापरा. साध्या चिकटपट्टीचा गोंद कडेने पाझरतो आणि शेजारचा वेढा चिकटवून टाकतो.

चालवायच्या आधी फीत एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं न हललेले वेढे मोकळे होतात. सी-१२० दिसली तर तिच्याशी जपून. तिची फीत साधारण ९ मायक्रॉनची, सी-६० ची त्याच्या दुप्पट जाड. पातळ फीत रबरी चाकाला पटकन गुंडाळली जाते.

आता यंत्र. तुमच्या टू-इन-वनमधला दबका आवाज बहुधा दोन कारणांनी येतोय. पहिलं, हेडवर साचलेला तपकिरी थर. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन हेड आणि फीत ओढणारी धातूची कांडी (कॅपस्टन) पुसा, काडी स्वच्छ निघेपर्यंत. रबरी चाकाला अल्कोहोल वारंवार लावू नका, रबर कडक होतं. ते ओल्या कापडाने आणि थेंबभर सौम्य साबणाने पुसून कोरडं करा.

दुसरं कारण हेडचा कोन, ज्याला ॲझिमथ म्हणतात. रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राचं हेड जरा तिरकं असेल आणि वाजवणाऱ्याचं सरळ, तर वरचे स्वर एकमेकांना मारतात आणि आवाज पांघरुणातून आल्यासारखा येतो. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला लहान स्क्रू असतो. बऱ्याच टू-इन-वनमध्ये प्ले दाबल्यावर तो झाकणातल्या छिद्रातून दिसतो. मूळ जागा मार्करच्या ठिपक्याने नोंदवा. दागिन्यांच्या कामाचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर घ्या, पण चुंबक लावलेला नको. फीत चालू ठेवून एकावेळी अष्टमांश फेरीपेक्षा कमी फिरवा आणि निवेदकाच्या बोलण्यातल्या 'स' आणि 'च' कडे कान ठेवा. ते सर्वांत टोकदार होतील ती जागा. गाण्यावर हे करू नका, व्हायोलिनं आली-गेली की कान फसतो. हे दर कॅसेटला करावं लागतं, कारण प्रत्येक सभासदाचं यंत्र वेगळं होतं. सगळ्या कॅसेटी एकाच कोनावर उतरवल्या तर निम्म्या दबक्याच येणार, आणि नंतर संगणकावर ट्रेबल वाढवून ते परत येत नाही, फक्त खरखर वाढते.

यंत्र चालतं पण वेग डळमळतो, असं असेल तर पट्टा बदला. जुना पट्टा डांबरासारखा वितळलेला असतो. तो अल्कोहोलने पूर्ण काढल्याशिवाय नवा बसवू नका. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत नमुना दाखवला की जवळच्या मापाचा पट्टा मिळतो. माप घेताना ताणलेल्या जुन्या पट्ट्याचं न घेता पुलींवरून दोरा फिरवून त्याची लांबी घ्या आणि त्याहून पाच-सात टक्के लहान मागा.

शक्य असेल तर टू-इन-वनपेक्षा लाइन-आउट असलेलं स्टिरिओ डेक मिळवा. डॉल्बी, म्हणजे खरखर दाबण्याची सोय, बंद. टू-इन-वनच वापरायचा तर हेडफोनच्या भोकातून घ्या, व्हॉल्यूम एक तृतीयांशाच्या आसपास ठेवा, टोन मध्यावर. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात लावू नका, ते एकाच चॅनेलचं असतं आणि पातळी आपोआप वरखाली करतं. साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या, त्याच्या लाइन इनपुटला जोडा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. शिखरं उणे १२ ते उणे ६ डीबीच्या मध्ये राहू द्या. मूळ रेकॉर्डिंग मोनो असलं तरी स्टिरिओ घ्या. मोनो यंत्राने रुंद पट्टीवर लिहिलेलं असतं, स्टिरिओ हेड तिच्या दोन कडा वेगळ्या वाचतं, आणि बुरशी किंवा घडी बहुतेक वेळा एकाच कडेला असते. नंतर चांगली बाजू तेवढी ठेवता येते. सी-६० च्या दोन्ही बाजू मिळून साधारण १ जीबी होतात. मूळ वेव्ह फाइलला हात लावायचा नाही. खरखर काढणं, कापणं, सगळं प्रतीवर.

ऐकणारा_कान

वर दोघांनी पाया घातलाच आहे. मी ओळखायच्या खुणा देतो. कुठलीही एक खूण पुरावा धरू नका, निदान दोन स्वतंत्र खुणा जुळायला हव्यात.

लहर ओळखणं सोपं आहे. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम दृश्य लावा, म्हणजे कुठल्या उंचीचे स्वर किती आहेत ते चित्रात दिसतं. मध्यम लहरीचं रेकॉर्डिंग साधारण ४ ते ५ किलोहर्ट्झच्या वर रिकामं दिसतं. एफएमचं १० ते १२ पर्यंत सहज भरलेलं असतं. त्याच्या पुढे फीत आणि यंत्र साथ देतील तितकंच, कारण एफएमवर ध्वनी १५ किलोहर्ट्झपर्यंत जातो. लघुलहर, म्हणजे सिलोन, स्पेक्ट्रोग्रामपेक्षा कानाने लवकर कळते. आवाज लाटांसारखा वरखाली होतो आणि उतरताना गायकाचा आवाज क्षणभर पोकळ, फाटका होतो. ज्या कॅसेटींवर केवळ ॲझिमथमुळे वरचे स्वर गेलेत त्या मध्यम लहरीच्या वाटू शकतात, म्हणून फीतवालांनी सांगितलेलं काम आधी करा, मगच हा निर्णय.

मध्यम लहरीची आणखी एक पक्की खूण. टू-इन-वनमध्ये रेडिओवरून टेप करताना आतल्या बायस ऑसिलेटरचा (रेकॉर्डिंगसाठी उच्च वारंवारतेची लहर देणाऱ्या मंडलाचा) आणि स्टेशनच्या लहरीचा झगडा होऊन सलग बारीक शिट्टी येते. काही यंत्रांच्या पाठीमागे त्यासाठीच 'बीट' लिहिलेलं बटण असतं. एफएमवर टेप करताना ही शिट्टी येत नाही. एफएमचा स्वतःचा दोष वेगळा: पुण्याभोवती टेकड्या आहेत, त्यांवरून परावर्तित झालेली लहर मूळ लहरीत मिसळली की 'स' आणि 'श' फाटतात. चिरफाडलेला 'श' आणि मागे शांतता, तर एफएम. ट्यूबलाइटची गुरगुर आणि विजेचा कडकडाट, तर मध्यम लहर.

आता काळ. निवेदनात 'पंचरंगी कार्यक्रम' हे शब्द असतील तर ती विविध भारतीची जुनी ओळख, 'देश की सुरीली धडकन' हे नंतरचं. सकाळी अर्ध्या तासाचा जुन्या गाण्यांचा कार्यक्रम आणि शेवटी सैगल, तर ते सिलोन असण्याची शक्यता मोठी. साडेसात ते आठच्या त्यांच्या कार्यक्रमाचा तो रिवाजच होता. अमीन सायानींची गीतमाला सापडली तर सावध राहा. ती १९५२ पासून सिलोनवर होती आणि १९८९ मध्ये विविध भारतीवर आली. त्यामुळे आधी लहर ठरवा. गीतमालेचा फायदा असा की गाण्यांचे क्रमांक आठवड्याचे असतात, दोन-तीन पायदानं (क्रमांक) ऐकू आली तरी वर्ष पक्कं होतं.

स्थानिक जाहिराती ही तुमची सर्वांत मोठी ठेव आहे. लक्ष्मी रोडवरचं दुकान फोन नंबर सांगतं, तो लिहून घ्या. पुण्याचे नंबर आधी सहा आकडी, मग सात आकडी, मग पुढे २ लागून आठ आकडी झाले, आणि बाहेरगावचा कोड ०२१२ चा ०२० झाला. नंबरावरून नेमकं वर्ष मिळत नाही, पण कॅसेटी एकापुढे एक क्रमाने लावता येतात, आणि लेखासाठी क्रम लागणं हेच निम्मं काम. थिएटरच्या जाहिरातीत 'आजपासून' असेल तर आठवड्यापर्यंत पोहोचता येतं: त्या काळातल्या 'सकाळ' किंवा 'केसरी'च्या शुक्रवारच्या अंकातल्या सिनेमाच्या जाहिराती बघा. चित्रपटाचं नाव अर्धवट ऐकू येत असेल तर लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात गाण्यांच्या पुस्तिका जतन केलेल्या आहेत. मात्र मॅटिनीची जाहिरात असेल तर ती सोडून द्या. मॅटिनीला जुने चित्रपट पुन्हा पुन्हा लागायचे.

मोबाइलचा 'टक-टक-टर्रर्र' हा अडथळा फितीत असेल तर रेकॉर्डिंग १९९५ नंतरचं, कारण भारतात मोबाइल सेवाच त्या वर्षी ३१ जुलैला सुरू झाली.

श्रावणी_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. टॅब तोडून झाले. डेक मिळाला आणि पहिली कॅसेट घेतली, ॲझिमथने खरंच खूप फरक पडला. पण एक कोडं आहे. सी-९० आहे, बाजू अ. सुरुवातीला गाणी ठीक, पण शेवटाकडे सगळ्या गायिकांचे आवाज चढत जाऊन चिरके होतात, निवेदकसुद्धा भराभर बोलतो. बारीक शिट्टी सलग आहे, तीही हळूहळू वर सरकते. साडीच्या दुकानाची जाहिरात आहे, सहा आकडी नंबर. आणि एका ठिकाणी तुम्ही म्हणता तसला टक-टक-टर्रर्र आवाजही आहे! मग हे १९९५ नंतरचं धरायचं का?

ऐकणारा_कान

अजून धरू नका. तोच भाग फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पुन्हा घ्या. टर्रर्र गेला किंवा दुसऱ्या सेकंदाला सरकला, तर तो तुमच्या आजच्या फोनचा, फितीतला नाही. केबल आणि इंटरफेस हा अडथळा सहज पकडतात. दोन्ही वेळा अगदी त्याच शब्दावर आला, तरच तो मूळ रेकॉर्डिंगमधला. सहा आकडी नंबर आणि शिट्टी, म्हणजे मध्यम लहर, या दोन्ही खुणा जुन्या काळाकडे बोट दाखवतात, त्यामुळे माझा कल फोनकडे आहे.

फीतवाला

आवाज चढण्याचं कारण म्हणजे रेकॉर्ड करताना यंत्र सेलवर चालू होतं आणि सेल उतरत होते. मोटर हळू झाली, फीत हळू सरकली, आणि आता योग्य वेगाने वाजवली की सगळं जलद आणि वरच्या पट्टीत येतं. शिट्टीही त्याबरोबर सरकते, हे त्याला दुजोरा देणारं आहे. सुरुवात ठीक आहे म्हणजे तुमच्या डेकमध्ये दोष नाही.

दुरुस्ती प्रतीवर करा. एकच टक्केवारी पूर्ण बाजूला लावून चालणार नाही. बाजूच्या सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं अशी तीन-चार गाणी निवडा, त्यांच्या प्रकाशित आवृत्त्या मिळवा. पूर्ण गाण्याची लांबी मोजू नका, रेडिओवर शेवटचं कडवं वेळेसाठी अर्ध्यात उतरवत असत. दोन ठाम जागा घ्या: मुखड्याचा पहिला शब्द ते दुसऱ्या अंतऱ्याचा पहिला शब्द. प्रकाशित गाण्यात ते अंतर २०० सेकंद आणि तुमच्याकडे १९४ असेल, तर तिथे फीत सुमारे ३ टक्के जलद आहे. असे आकडे त्या त्या मिनिटावर मांडले की चढ दिसतो. मग ऑडॅसिटीत टाइम ट्रॅक घेऊन त्या बिंदूंवर वेग तेवढा कमी करा, मधलं तो आपोआप जुळवतो.

विजेच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीवरून वेग जुळवा असा सल्ला परदेशी लिखाणात सापडेल. इथे सेलवरचं रेकॉर्डिंग असल्यामुळे गुणगुण नसेलच. आणि जिथे असेल तिथेही जपून, कारण २००२-०३ पूर्वी आपल्याकडे विजेची वारंवारता दीड-दोन हर्ट्झने सहज घसरायची. म्हणजे तीन-चार टक्क्यांची चूक त्या मोजपट्टीतच.

क्रम पाळा: आधी वेग, मग शिट्टी. वेग सरळ झाला की शिट्टी बऱ्यापैकी एका जागी स्थिर होते आणि एक अरुंद नॉच फिल्टर (तेवढाच स्वर कापणारा) पुरतो. आधी शिट्टी काढायला गेलात तर ती सरकत असल्यामुळे रुंद पट्टा कापावा लागतो आणि त्यात निवेदकाचा आवाज जातो.

कलम_सदतीस

लेखाबरोबर क्यूआर कोड देऊन ही रेकॉर्डिंगं नेटवर ऐकवायचा विचार असेल, तर त्याआधी हे वाचा. एका कॅसेटमध्ये तीन-चार वेगवेगळे हक्क एकावर एक बसलेले असतात.

प्रसारणावर प्रसारकाचा हक्क २५ वर्षांचा, प्रसारणाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजायचा. १९८५ चं प्रसारण असेल तर तो ३१ डिसेंबर २०१० ला संपला. ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क ६० वर्षांचा, प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून. १९६४ ची तबकडी ३१ डिसेंबर २०२४ ला मोकळी झाली. पण तिथेच थांबू नका. गाण्याचे शब्द आणि चाल यांवर गीतकार-संगीतकारांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. त्यामुळे तबकडी मोकळी झाली तरी गाणं मोकळं झालेलं नसतं, आणि लोक नेमके इथेच अडकतात. जाहिरातीच्या जिंगलला हेच नियम लागतात.

कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ३१ड तुमच्या उपयोगाचं नाही. ते प्रसारण संस्थांना ठरावीक दराने परवाना देतं, आणि इंटरनेटवर गाणी ऐकवण्याला ते लागू नाही असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिलेला आहे.

संशोधनासाठी रेकॉर्डिंग करणं आणि अभ्यासपूर्ण लेखात उतारा वापरणं याला कलम ३९ मध्ये जागा आहे. मी सुचवेन ते असं: अंकात निवेदनं आणि जाहिराती शब्दशः लिहून काढून छापा, खाली कॅसेट क्रमांक आणि मिनिट-सेकंद द्या. नेटवर द्यायचं असेल तर २५ वर्षांहून जुन्या प्रसारणांतली नुसती निवेदनं द्या, गाणं सुरू होताच तोडा. पूर्ण फाइली संघाच्या कार्यालयात हार्ड डिस्कवर ठेवा, कुणी अभ्यासाला मागितल्या तर तिथेच ऐकवा.

आणि देणाऱ्या सभासदाकडून एका कागदावर लिहून घ्या: कॅसेट कुणाची, कुठल्या भागात टेप केली, कुठल्या यंत्रावर, मूळ परत हवी का. कुठल्या भागात हा रकाना गाळू नका. हडपसरला आणि कोथरूडला एकच स्टेशन सारखं ऐकू येत नव्हतं, आणि लहर ओळखताना तो पत्ता उपयोगी पडतो.

मध्यम_लहरी

कलम_सदतीस यांच्या कागदात एक रकाना वाढवा: 'तेव्हा घरात रेडिओ कितीला लागायचा'. काटा कुठे असायचा हे लोकांना नेमकं आठवतं. माहिती अधिकाराचं उत्तर आलं की ते आणि हँडबुकमधले आकडे शेजारी ठेवून इथे टाका, कुठे जुळत नसेल तर मिळून बघू.